सोळा राउटर बंद

४ मार्च
आजही तेच! प्रदर्शनाच्या हॉलमध्ये दोन हजार माणसं, छताला चाळीस राउटर, आणि नेट कुणालाच नाही. तिकिटं तपासता येईनात, रांग थेट फाटकाबाहेर. टॉवर सर (माझे वरिष्ठ, उंचीमुळे हे नाव, तोंडावर नुसतेच सर) म्हणाले, आणखी दहा बसवू. मला वाटतं, आहेत तेच जास्त झालेत. एकमेकांच्या लहरीत लहरी मिसळतायत. पण गप्प बसले. नोकरी पक्की होणार की नाही, ते शुक्रवारी ठरायचंय. अशात शहाणपणा कोण करणार?

५ मार्च
जेवताना बाबांजवळ बोलले. ते शाळेत गेले नाहीत, तीस वर्षं मागावर कापड विणतायत. म्हणाले, "मागांच्या खडखडाटात सगळेच ओरडले तर कुणालाच काही कळत नाही. जवळ जाऊन हळू बोलावं."
माझ्या पुस्तकात यालाच तीन पानं लागलीत!

६ मार्च
सांगितलं एकदाचं. सोळा राउटर बंद, उरलेल्यांची ताकद निम्मी, शेजारच्या दोघांना कधीही एकच चॅनेल नाही. सर म्हणाले, "तहान लागली म्हणून नळ बंद करतेस?" पण आज हॉलला सुट्टी होती, म्हणून करू दिलं. दिवसभर शिडीवर. पायांचे तुकडे पडलेत.

७ मार्च
चाललं! चाललं!! रविवारपेक्षा जास्त गर्दी, आणि रांग सरसर पुढे. तपासनीस बाई दोनदा म्हणाल्या, आज मशीनला काय खाऊ घातलं? सर भेटेल त्याला सांगत होते, पोरीने सोळा बंद केले, बंद!

८ मार्च
अहवालासाठी जुन्या नोंदी उघडल्या. सगळे राउटर पूर्ण ताकदीवर नेले कुणी? मी. हॉल मांडत होते तेव्हा एका कोपऱ्यातून तक्रार आली, आणि मी घाबरून चाळीसच्या चाळीस वाढवले. नंतर विसरले. नोंदीत माझंच नाव.
ती नोंद कुणी उघडणार नाही. पण मी उघडली ना.
अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहून टाकलं. उद्याच शुक्रवार.

९ मार्च
सरांनी अहवाल दोनदा वाचला. "सोमवारपासून नव्या लोकांना तू शिकवायचंस. सुरुवात या चुकीपासून कर."
नोकरी पक्की. आमच्या घरातलं कुणीतरी पहिल्यांदाच फळ्याच्या त्या बाजूला!