उतारावरची चावी

उस्ताद,

तुम्हाला जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसलोय ते भांडायला. दुकान आहे तिथेच आहे, अक्कलकुव्याहून मोलगीला जाणाऱ्या रस्त्याला, घाट लागण्याआधीचं शेवटचं. पत्र्याची शेड काढून मी स्लॅब टाकला, हवा भरायला कॉम्प्रेसर आणला, पण लोकांच्या अहिराणीत ते अजून ‘उस्तादनं दुकान’च आहे. मी पाना हातात घेऊन तीस वर्षं होत आली, केस पांढरे झाले, तरी डोंगरातून आलेला माणूस गाडी स्टँडला लावतो आणि मलाच विचारतो, उस्ताद काय म्हणायचे याबद्दल? याचं मला कधी वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटायचं. या महिन्यात मात्र वैताग आलाय.

तुमच्या वेळी नव्हत्या, म्हणून आधी सांगतो. आता हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या आल्यात. पेट्रोल नाही, धूर नाही, कार्बोरेटर नाही. सीटखाली बॅटरी आणि चाकात मोटर, बस. मोबाइलसारखी चार्जिंगला लावायची. तालुक्याला मांडव घालून कार्यक्रम झाला, साहेब लोक आले, प्रदूषण, निसर्ग, पुढची पिढी असं सगळं बोलून झालं. एक साहेब म्हणाले, या गाडीचा अजिबात आवाज होत नाही. पहिल्या रांगेत बसलेला एक म्हातारा उठून म्हणाला, “साहेब, आमच्या गाड्यांचा पण घाट उतरताना आवाज होत नाही.” सगळा मांडव हसला. साहेबांना काही कळलं नाही, ते पण हसले. मला कळलं, पण मी लक्ष दिलं नाही.

म्हातारा बोलला ते खरंच आहे. तुम्ही या डोंगराला लावलेली सवय आहे ती. मोलगीकडून घाट उतरणारी गाडी बंद असते. माथ्यावर आला की माणूस चावी फिरवतो, न्यूट्रल करतो आणि नुसत्या ब्रेकवर खालपर्यंत येतो. बाजाराच्या दिवशी दहा-दहा गाड्या एकामागे एक अशा मुक्याने उतरतात, मागे बाई, मांडीवर पोर, हँडलला कोंबड्या. बाहेरचा माणूस बघून चक्रावतो. मी बारावी नापास होऊन तुमच्याकडे आलो त्याच आठवड्यात तुम्ही मला मागे बसवून वर नेलं होतं. हत्यारांची पिशवी माझ्या गळ्यात. मोलगीच्या बाजारात चिंचेखाली गोणपाट टाकून तुम्ही गाड्या दुरुस्त करत बसायचात आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच ते सांगायचात. परत येताना गाडी माझ्या हातात दिलीत. मी गिअरमध्ये उतरवायला लागलो तर मागून डोक्यात टपली बसली. “उतारवर पेट्रोल काबर फुकस रे? तुन्हा बापना पंप शे का?” मी चावी बंद केली. घाटात एकदम शांत झालं, नुसता वारा आणि टायरचा आवाज. तुम्ही मागे बसून बिडी ओढताय, खाली सगळा मुलूख पसरलाय आणि मला वाटतंय की मला मोठी विद्या मिळाली.

आता माझ्या मुलीचं ऐका. तुम्ही गेलात तेव्हा ती शाळेत होती. आज नर्स आहे, घाटावरच्या उपकेंद्रात. बाळंतिणी बघायच्या, पोरांना लसी द्यायच्या, या पाड्यावरून त्या पाड्यावर. इतकी वर्षं या बायांचं काम पायी किंवा जीपवर चालायचं. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि सुटली की माणूस आत कमी, बाहेर जास्त. एका संस्थेनं सहा नर्सबाईंना या हिरव्या पाटीच्या स्कूटर वापरायला दिल्या. घाटात चालल्या तर सगळ्या उपकेंद्रांना देणार, नाहीतर उचलून नेणार. बाकीच्या पाच जणी तयार नव्हत्या. माझ्या मुलीनं दारोदार फिरून त्यांना तयार केलं, दोघींना तर गाडी चालवायला शिकवलं. मी घरात कुरकुर करत होतो. असली खेळणी या डोंगरात काय टिकणार, लाइट कधी असते कधी नसते, चार्ज कशी करणार? ती एवढंच म्हणायची, पप्पा, एकदा बसून तर बघा. मी बसलो नाही. गाडी द्यायला आलेल्या माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “काका, उतारावर चावी बंद करू देऊ नका. अॅक्सिलेटर सोडला की हिची मोटरच गाडीला मागे ओढून धरते, त्यातून बॅटरीही थोडी भरते. चावी बंद केली की ते सगळं बंद.” मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. कालचं पोरगं उस्तादच्या दुकानात उभं राहून मला उतार शिकवतंय, असंच वाटलं. मी हसून चहा मागवला.

मग तो दिवस. दुपारी तिचा फोन आला, घाटमाथ्यावरून. लसीची पेटी आणि औषधांचा डबा घेऊन खाली यायचं होतं. दोन दिवस वर लाइट नव्हती, बॅटरी अगदी तळाला गेलेली. विचारत होती, पप्पा, पोचेल का? मी एका गाडीचा क्लच उघडून बसलो होतो, हात ऑइलनं भरलेले, फोन खांदा आणि कानात धरलेला. मी म्हटलं, अगं, त्यात काय विचारायचं, चावी बंद कर आणि सोड, सगळा उतारच तर आहे. ती म्हणाली, पण गाडी देणाऱ्यानं तर नको सांगितलंय. मी म्हटलं, त्याला काय कळतं, उस्तादनी आख्ख्या डोंगराला शिकवलंय ते. माझा आवाज चढला होता, हे मला आज ऐकू येतं. तिनं बरं म्हटलं. ती लहानपणापासून मशीनच्या बाबतीत माझा शब्द मोडत नाही.

तुम्ही मेकॅनिक, तुम्हाला पुढचं सांगायला नको. त्या गाडीचं वजन सगळं बॅटरीचं, वर पेटी, डबा. मोटर धरत नाही म्हटल्यावर सगळा भार दोन ब्रेकवर. निम्म्या घाटात ब्रेक शू भाजले, लिव्हर मुठीला टेकला. तिनं डोकं चालवून गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत घातली. दरीच्या बाजूला गेली असती तर मी हे पत्र लिहायला उरलो नसतो. खांद्याचं हाड मोडलं. एका जीपवाल्यानं तिला खाली आणलं. दवाखान्यात मी पोचलो तेव्हा ती पेटीतल्या लसी गार आहेत का ते दुसऱ्या नर्सला बघायला सांगत होती. मला बघून म्हणाली, “पप्पा, ब्रेक गया मन्हा.” नर्सिंगला नाशिकला गेल्यापासून ती घरातसुद्धा शुद्ध बोलते. अहिराणी निघते ती फार चिडली किंवा फार दुखलं तरच. चावीचं काहीच बोलली नाही. सगळ्यांना तिनं तेच सांगितलं, ब्रेक गेला. मी पलंगाच्या कडेला उभा राहून ऐकत होतो आणि मीही तोंड उघडलं नाही.

झालं ते एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुमच्याशी भांडायला आलो नसतो. पण घाटात बातमी पसरायला किती वेळ लागतो? मेकॅनिकच्या मुलीच्या गाडीचा ब्रेक गेला म्हटल्यावर बाकीच्या पाच जणींनी गाड्या उपकेंद्राच्या मागे लावून टाकल्या. पुन्हा पायी, पुन्हा जीपला लोंबकळणं. संस्थेचा निरोप आला, वापरत नसाल तर महिनाअखेर घेऊन जातो. हात गळ्यात बांधलेली माझी पोर माझ्यासमोर बसली. म्हणाली, पप्पा, माझं त्या ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. बाजाराच्या दिवशी वर चला आणि गाडीत दोष नाही एवढं सांगा. तुमचं नाव खराब होईल असं काही बोलू नका, म्हणाली. माझीच काळजी ती. मला लाज वाटली आणि लाजेपेक्षा राग जास्त आला, कोणावर ते विचारू नका.

गेलो. मोलगीला, त्याच बाजारात. उपकेंद्राच्या ओट्यावर पाच नर्सबाई, काही आशाताई, त्यांच्या घरची माणसं आणि तमाशा बघायला आलेले बाजारकरू. मी उभा राहिलो. सरळ बोलायचं होतं, माझ्या मुलीला चुकीचं मी सांगितलं. दोन वाक्यांचं काम. पण इतकी ओळखीची तोंडं समोर बघून माझी जीभ वळली नाही. मी म्हणालो, ब्रेक आपोआप गेला नाही, उतारावर चावी बंद केली म्हणून गेला, आणि चावी बंद करायची हे आपल्याला उस्तादनी शिकवलं, आपण सगळे तेच करत आलो, ते या गाडीला चालत नाही. मनात म्हटलं, तुम्ही काय, गेलेला माणूस, तुम्हाला काय फरक पडतो. पण तुम्ही मेल्यावरही माझी अडचण करून ठेवलीय. एक म्हातारी आशाताई पदर सावरून म्हणाली, “उस्ताद कधी चुकीचं सांगायचे नाहीत. त्यांनी सांगितलेलं ज्या गाडीला चालत नाही ती गाडीच वाईट.” सगळ्यांनी माना हलवल्या. एकानं विचारलं, चावी बंद केली तर मारते, अशी कुठे गाडी असते का? मी कपाळाला हात लावला. समजावून सांगत गेलो तसे ते आणखी पक्के होत गेले. मुलगी कोपऱ्यात उभी होती. खाली येताना आम्ही जीपमध्ये होतो आणि बाहेर गाड्या मुक्याने उतरत होत्या. ती खिडकीतून त्यांच्याकडेच बघत होती.

तुमच्यावर माझा राग हा आहे. तुम्ही एवढं खरं कशाला वागलात, की तुमच्या नावावर खपवलेलं खोटंही लोकांना खरं वाटावं? खोटंच म्हणतो मी त्याला, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे. शेवटच्या वर्षी तुमचा दमा वाढला होता, दुकानात नुसते येऊन बसायचात. तेव्हा नव्या जड गाड्या येऊ लागल्या होत्या. घाटात पडलेली एक गाडी लोकांनी आणली होती, तुम्ही तिचे ब्रेक शू काढून हातात फिरवून बघितलेत. मग मला जवळ बोलावून म्हणालात, “आते गाड्या जड व्हयी गयात. घाटमा गिअरमाच उतरानं. मी पहिले जे सांगं व्हतं ते सोडी दे. येणाऱ्या गिऱ्हाइकले सांगत जा.” मग उठलात आणि कोणाच्या तरी गाडीवर बसून घरी गेलात. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. तो निरोप मी एकाही गिऱ्हाइकाला दिला नाही.

आज सकाळी हे मी मुलीला सांगितलं. चहा गाळत होती, एका हाताने. मी म्हटलं, उस्तादनी शब्द मागे घेतला होता, मी पुढे पोचवला नाही, तुला फोनवर सांगितलं ते त्यांचं नव्हतं, माझं होतं. तिनं गाळणी खाली ठेवली. म्हणाली, “हे त्या दिवशी ओट्यावर बोलला असता तर गाड्या राहिल्या असत्या.” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, महिना संपायला अजून चार दिवस आहेत, उद्या बाजार आहे, हेच असंच्या असं वर बोलायचं, मी शेजारी उभी राहीन. मी हो म्हटलं आणि मी जाणार आहे. या वेळी बोलेन. त्या म्हातारीसमोरच बोलेन.

हा कागद कुठे टाकायचा नाही, टाकून पोचणारही नाही, म्हणून एवढं लिहितो. चहाचा कप माझ्यापुढे ठेवून तिनं विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंत लोकांना? मी चहावर फुंकर मारत राहिलो. तिलाच माझी दया आली. म्हणाली, इतकी गिऱ्हाइकं, विसरला असाल. मी म्हटलं, हो, विसरलो. विसरलो नव्हतो, उस्ताद. तुम्ही त्या गाडीवर मागे बसून वळणाआड गेलात आणि मी दुकानातल्या चौघांकडे बघून हसलो होतो. म्हटलं होतं, म्हातारा आता घाबरायला लागला.