बाळंतपणाची रंगीत तालीम

सोमवार, ३ तारीख

आणलं: रबरी कापड दीड मीटर, ११.२५. कापसाचा मोठा गुंडा, ४. जंतुनाशकाची बाटली, ६.५०. साबण दोन वड्या, ३. चादरी जुन्या, घरच्याच, शून्य. सिस्टरना निम्मी फी आगाऊ, ४०. हॉस्पिटलच्या मानाने बचत किती, ते बाळ झाल्यावर मांडीन.

बाळंतपण घरीच करायचं ठरलं आहे. मीच ठरवलं. तिन्ही मुलांनी खोलीत हजर राहायचं, हेही. मागच्या वर्षी हॉस्पिटलात गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. मुलं दारात उभी होती. थोरलीने विचारलं, बाळ कुठंय. मी दूधवाला येऊन गेला का, ते विचारलं. या वेळी सगळं सगळ्यांसमोर होईल, म्हणजे मागाहून कोणाला काही समजावत बसायला नको. वेळ वाचेल.

हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, तिकिटं लावणार आहेस का. लक्ष दिलं नाही. मॅट्रिकला मला शास्त्रात एकसष्ट होते. ह्यांना चाळीस.

मंगळवार, ४

कामं वाटून दिली. थोरली (बारा पूर्ण): गरम पाणी, चादरी, आणि माझ्याजवळ थांबणं. मधली (आठ): सिस्टरना बोलावून आणणं. त्या दोन गल्ल्या सोडून राहतात. धाकटा (साडेचार): कोपऱ्यात बसून देवाचं नाव घेणं, मोजत. शंभरच्या पुढे त्याला येत नाही, पण तेवढं पुरेल.

धाकट्याने विचारलं, बाळ माझ्या खुर्चीत बसणार असेल तर आत्ताच सांगा. मधलीने विचारलं, धावत जायचं की चालत. थोरलीने विचारलं, हे बाळ आम्हाला नक्की दिसणार ना. म्हटलं, त्यासाठीच तर सगळं चाललंय. तिने मान हलवली आणि भांडी घासायला गेली. समजूतदार पोर. माझ्यावर गेली आहे.

शुक्रवार, ७

पहिली रंगीत तालीम. मी पलंगावर पडून कण्हले. बरं जमलं. थोरलीने पाणी ठेवलं. धाकट्याने देवाचं नाव सुरू केलं. मधली जी सुटली ती थेट सिस्टरच्या घरी. सिस्टर डोक्याला टॉवेल गुंडाळून, बॅग घेऊन, धापा टाकत आल्या. मी उठून बसले आणि म्हटलं, छान, सात मिनिटं. त्या म्हणाल्या, बाई, अर्धा साबण अंगावर ठेवून आले आहे, पुन्हा असं केलंत तर बाळ तुमचं तुम्हीच झेला. व्हिजिटचे ५ घेतले.

नवा नियम केला. मधलीने गेटपर्यंत धावायचं, गेटला हात लावायचा, परत यायचं आणि सांगायचं की सिस्टर निघाल्यात. कोणाला त्रास नाही, खर्च नाही.

रविवार, ९

तालीम तिसरी. मधली एक्कावन्न सेकंदांत गेट गाठून परत. एक बिस्किट बक्षीस. सराव असला की माणसाला विचार करावा लागत नाही. हे मी ह्यांनाही सांगितलं. हे म्हणाले, मग मी केव्हाचा सरावलो आहे.

थोरलीला उलटी झाली. पोट बिघडलं असणार. आल्याचं पाणी दिलं.

बुधवार, १२

सिस्टर तपासायला आल्या होत्या. सगळं ठीक, तारीख चोवीस. चोवीस सोमवार आहे, ह्यांची वर्कशॉपला ड्युटी. तेवीस रविवार बरा पडेल. देवाला सांगून ठेवलं आहे.

जाताना सिस्टर हळूच म्हणाल्या, थोरलीने मला कठड्यापाशी गाठून विचारलं, बाळ रडलं नाही तर काय करायचं. मी म्हटलं, चौकस आहे. त्या म्हणाल्या, चौकस नाही, घाबरलेली आहे, तिला खोलीत ठेवू नका. मग काय सांगितलंत, विचारलं. म्हणाल्या, काय सांगणार, टॉवेलने पाठ चोळायची, सांगितलं.

म्हणजे तिला तेवढंही शिकायला मिळालं. फुकटात.

शनिवार, १५

तालीम सहावी. मधली अठ्ठेचाळीस सेकंद. धाकट्याला बक्षीस नाही, कारण देवाचं नाव घेताना तो मध्येच झोपला.

ताईचं पत्र आलं. माझी मोठी बहीण, बसने चार तासांवर असते. लिहिते, मुलं माझ्याकडे पाठव, निदान थोरली. मोठ्याने वाचत होते. थोरली हातातलं काम टाकून समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, जाऊ का. म्हटलं, तू गेलीस तर पाणी कोण ठेवणार. ती पुन्हा कामाला लागली. तिला पटलं.

बुधवार, १९. सकाळ

काल झालं. तेवीस तारखेला झालं नाही.

जसं आठवतं तसं लिहिते. शाळा सकाळची होती, मुलं घरी आलेली. हे वर्कशॉपला. सव्वादोनला कळा सुरू झाल्या आणि भराभर वाढल्या. मधलीला म्हटलं, सिस्टरना बोलाव. ती धावली आणि आली. सिस्टर निघाल्यात, म्हणाली. मी शाबास म्हटलं. लवकर आलीस, असंही म्हटलं. थोरलीने पाणी ठेवलं होतं.

तीन वाजले. सिस्टर आल्या नाहीत. थोरली म्हणाली, आई, पुन्हा बोलावू का. मधली पुन्हा धावली आणि आली. सिस्टर निघाल्यात. बिस्किट मागितलं. डब्यातून घे म्हटलं.

मग थोरलीला काय कळलं कोण जाणे, तिने मधलीचे दोन्ही दंड धरले आणि म्हणाली, ही तालीम नाहीये, खरं जा, त्यांच्या घरात जा. मधली माझ्याकडे बघत राहिली. गेटला हात लावायचा असतो ना, म्हणाली. मला बोलता येत नव्हतं. थोरलीने तिला दाराबाहेर ढकललं.

पण तोवर उशीर झाला होता. बाळ थोरलीच्या हातांत आलं. रंग बरा नव्हता. आवाज नव्हता. थोरली पाठ चोळत होती. धाकटा कोपऱ्यात मोजत होता. तो शंभरपर्यंत गेला, आणि पुढे येत नाही म्हणून परत एकपासून सुरू झाला. दुसऱ्यांदा एकतीसला बाळ रडलं.

मला काही वाटलं नाही. छताचा रंग कुठे कुठे गेला आहे ते दिसत होतं.

सिस्टर आल्या, त्यांनी नाळ कापली, बाकीचं आवरलं. मुलगी. साडेसहा पौंड. तब्येत ठणठणीत. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. मधलीला विचारलं, आधी का नाही आलीस. तिने नियम सांगितला, एकही शब्द न चुकता.

गुरुवार, २०

एकूण बेत यशस्वी. तिन्ही मुलं हजर होती. कोणालाही काही समजावावं लागलं नाही.

सिस्टरनी उरलेली निम्मी फी घेतली नाही. ४० जमा धरले, मग खोडले. कशात धरायचे ते ठरत नाही.

ह्यांनी थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला, तर ती बाजूला सरकली. कालपासून ती या खोलीत आलेली नाही. जेवण दारातून आत सरकवते. दमली आहे.

शुक्रवार, २१

थोरली सारखी हात धुते. साबणाची एक वडी संपत आली. दुसरी काढून ठेवली.

मधलीने रात्रीचं जेवण घेतलं नाही. ह्यांनी विचारलं तर म्हणाली, मी दोनदा खोटं बोलले. हे म्हणाले, तू नाही बोललीस. मग माझ्याकडे बघितलं. मी बाळाचं दुपटं बदलत होते.

रविवार, २३

खरं तर बाळ आज व्हायचं होतं.

ताई आली. ह्यांनीच कळवलं होतं, मला न विचारता. थोरलीची पिशवी भरलेली होती. ताई म्हणाली, आठ दिवस नेते. म्हटलं, ने, हवापालट होईल, इकडे एका ताटाची बचत. ताई म्हणाली, तुझी जीभ कधीतरी हिशोबाच्या वहीतून बाहेर काढ.

थोरलीला हाक मारली, म्हटलं, जाताना बाळाला बघून जा. ती उंबऱ्याबाहेर थांबली आणि तिने विचारलं, श्वास घेतंय का. हो म्हटलं. मग ठीक, म्हणाली, आणि गेली.

रविवार, ३०

आठ दिवस झाले. आज येणार म्हणून तिचं अंथरूण उन्हात टाकलं. दुपारची बस आली, संध्याकाळची आली. बस चुकली असेल. उद्या येईल.

बुधवार, ३

ताईचं पत्र. थोरली जेवते, झोपते. तिकडच्या शाळेत विचारलं आहे, सहामाहीपर्यंत घेतील. परत जायचं का विचारलं की उठून अंगण झाडायला लागते. दिवसातून तीनदा अंगण झाडलं जातं, असं ताई लिहिते. तिला हसू आलं असावं.

उत्तर लिहिलं. माझ्याजवळ राहावं म्हणून नक्कल इथे उतरवते.

ताईस,
पत्र पोचलं. शाळेत नाव घालायचं तर घाल. दाखला हे पाठवतील.
थोरलीला एक सांग. मी सांगायला हवं होतं. मागचं बाळ मीसुद्धा बघितलं नाही. हॉस्पिटलातल्या नर्सने, बघता का, असं विचारलं होतं. मी भिंतीकडे तोंड करून नको म्हटलं. तिने दारात विचारलं तेव्हा मला सांगण्यासारखं काही नव्हतं. यंदा मला एकटीने बघायचं नव्हतं म्हणून मुलांना उभं केलं. त्यांच्यासाठी म्हणाले होते, ते खरं नाही.
तिने चोळलं तसं मला जमलं नसतं. मी झोपूनच राहिले असते.
मधली हल्ली कुठलाही निरोप न्यायला नाही म्हणते. धाकटा बरा आहे. बाळाचं नाव ठेवलेलं नाही.
थोरलीला यायचं आहे की नाही, एवढंच विचार. नाही म्हणाली तर तसंच लिही, कारण नको. तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे. जे म्हणेल ते उलट टपाली कळव.