अनंत गुहा, जूनपर्यंत

१ मार्च
नोकरी सोडली. आता स्वतःचा गेम. नाव ‘अनंत गुहा’. बाकीचे बिचारे एकेक लेव्हल हाताने रचत बसतात. मी फक्त नियम लिहिणार, कॉम्प्युटर दर वेळी नवीकोरी गुहा बनवणार. नियम झाले की माझं काम संपलं. जूनमध्ये जुहान्नुसच्या सणाला तळ्याकाठच्या कॉटेजवर येणार, असा बायकोला, मारितला, शब्द दिलाय.

१२ मार्च
गुहा बनू लागल्या! राईसाला दाखवल्या. ती गेमची चित्रं काढते; कंपनीत आम्ही दोघंच. म्हणाली, ईल्पो, यातून बाहेर पडायचं कुठून? मी म्हटलं, किरकोळ चूक आहे. उद्या काढतो.

२ एप्रिल
चूक काढली. आता वाटाच वाटा, भिंती गायब. राईसा म्हणते, ही गुहा नाही, बटाट्याचं शेत आहे. उद्या नक्की.

१७ एप्रिल
भिंती परत आल्या. सासऱ्यांना, तौनोंना, खेळायला बसवलं. म्हणाले, जावई, ही गुहा मघाशी झाली की! मी समजावलं, नीट बघा, दगड वेगळे आहेत. ते म्हणाले, दगड बघायला अंगण आहे मला. आणि खुर्चीतच झोपले. मारित म्हणाली, बाबा बातम्या बघतानाही इतक्या लवकर झोपत नाहीत. म्हणजे गेम मन शांत करतो. जाहिरातीत घ्यायला हवं.

१ मे
वाप्पू, मे दिनाचा सण. अख्खं टाम्पेरे शहर पांढऱ्या टोप्या घालून, पिऊन, गात फिरतंय. खिडकी लावून घेतली. राईसा म्हणाली, दहा गुहा मी हाताने काढते, तेवढ्याच ठेवू. मी हसलो. मशीन लाखो देत असताना दहा! ती कोट घालून निघून गेली. उन्हाळ्याचा कोट. छान होता.

२३ मे
हेलसिंकीत प्रकाशक कंपनीच्या बाईंना गेम दाखवला. हीरो एका खोलीत. चारी बाजूंना भिंत. बाई डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या, परत डावीकडे. मी म्हटलं, हा सस्पेन्स आहे. त्या म्हणाल्या, कशाचा? मी म्हटलं, तोच तर सस्पेन्स. त्यांनी कंट्रोलर खाली ठेवून विचारलं, कॉफी कुठे मिळेल? विचार करायला वेळ हवा असणार.

४ जून
राईसाने दुसरी नोकरी धरली. म्हणाली, तू माणूस चांगला आहेस रे, पण तू हे कधीच संपवणार नाहीस. मी म्हटलं, अनंत आहे, संपेल कसं? हसली नाही. विनोद चांगला होता.

१८ जून
मारितने गाडीत सॉसेज, टॉवेल, बाबांची औषधं भरली. विचारलं, येतोयस ना? मी म्हटलं, एवढी एक चूक काढतो, उद्या बसने येतो. ती म्हणाली, उद्या जुहान्नुस आहे, ईल्पो. तिकडे बस नसते. तुला माहीत आहे. दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१९ जून
रस्त्यावर चिटपाखरू नाही, अख्खं शहर सणाला तळ्याकाठी गेलंय. मारितला फोन केला. उचलला नाही, सौनात वाफ घेत बसली असेल. दुपारी केला. अजून सौनात.
मग तत्त्व बाजूला ठेवलं आणि हीरोच्या त्या बंद खोलीला एक दार हाताने काढलं. लाकडाच्या रेषा, बिजागऱ्या, कडी. सगळा दिवस त्यात गेला. गेम सुरू केला. हीरोला दारापाशी नेलं. कडी काढली, दार उघडलं.
पलीकडे भिंत.
दार मात्र सुरेख झालंय.