पहिला खांदा

प्रिय भावेश,

हे पत्र तुला सुजयच्या पिशवीत मिळेल, आमसुलं नि कुळथाच्या पिठाच्या खाली. वर सुकट आहे, तेव्हा कागदाला वास येईल. येऊ दे. सुजय शिमग्याला आला होता तो सोमवारी परत तुमच्या माल्टाला चाललाय. एक दिवसाआड व्हिडीओ कॉल होतो नि ही बाई कागद कशाला काळे करतेय, असं म्हणशील. पण तुझा फोन आला की तो तुझ्या बाबांसाठी स्पीकरवर ठेवावा लागतो, त्यांच्या उजव्या हातात आता काही धरवत नाही. मग तुझ्याशी एकटीने बोलायचं ते राहूनच जातं.

धंदा बरा चाललाय. गणपतीपुळ्याहून परतणारी माणसं जेवायला आपल्याकडे थांबतात, सुरमईची थाळी मागतात नि सोलकढी तिखट लागली म्हणून साखर मागतात. मी देते बापडी. यंदा तर खास शिमगा बघायला म्हणून लोक खोल्या घेऊन राहिले. पुण्याची एक बाई, स्वभावाने गोड, पण मला विचारते कशी, पालखी किती वाजता नाचवतात नि त्याआधी जेवण होईल का. मी म्हटलं, देवी निघेल तेव्हा निघेल, ती आमचं घड्याळ बघत नाही. त्यांच्यातलाच एक जण तुझ्या काकांच्या दीपकला सांगत होता की मघासारखी पालखी परत एकदा नाचवा, कॅमेरा चालू नव्हता. दीपक बिचारा हसला. तो मुंबईत राहून शहाणा झालाय. त्याच्या जागी मी असते तर ढोलाची काठी दाखवली असती. तुझ्याकडेही हेच चालतं म्हणतोस ना, समुद्राच्या कडेला टेबलं मांडायची, कोळंबी सुरीकाट्याने खाणाऱ्यांना वाढायची, नि त्यांनी विचारायचं की देवाची मिरवणूक कधी नि शोभेचं दारूकाम कुठून चांगलं दिसेल. सणाच्या दिवशी दुसऱ्याला वाढत राहायचं, हे आपल्या दोघांच्या नशिबी सारखंच आलं बघ.

फेब्रुवारीत तू तिथल्या मिरवणुकीचा व्हिडीओ पाठवलास. संताची मोठी मूर्ती खांद्यावर, वरच्या गॅलऱ्यांतून कागदाचे कपटे पडतायत, बँड वाजतोय. आई, बघ यांचा शिमगा, असं म्हणालास. नि मग हसत सांगितलंस की मूर्ती समोर आल्यावर तू एवढ्या थंडीत रस्त्यात बूट काढून उभा राहिलास, नि पुढे होऊन खांदा द्यायला गेलास तर त्यांनी हाताने मागे केलं. त्यांच्यातही मानकरी ठरलेले असतात म्हणे. मेल्या, तू हसलास, मला हसू आलं नाही. बाबांनी तो व्हिडीओ कितीदा पाहिला देव जाणे. आधी म्हणाले, खांदे सारखे नाहीत, देव एका अंगाला झुकलाय. मग त्या अडखळत्या जिभेने म्हणाले की पोराला तिकडेच खांदा द्यावासा वाटला, म्हणजे तो आता तिकडचा झाला. रागाने नाही बोलले. पाऊस थांबला म्हणतात ना, तसं साधं बोलले.

तुला ठाऊकच आहे, सहाणेच्या चौथऱ्यावरून देवीची पालखी उचलताना पहिला खांदा आपल्या घरचा. तुझ्या आजोबांचा, मग यांचा, मग तुझा व्हायचा होता. गेल्या वर्षी यांचं उजवं अंग गेलं तेव्हा दीपकने तुझ्या नावाने खांदा दिला नि गुरवाने गाऱ्हाण्यात तुझं नाव घेतलं, लेकरू परमुलखात आहे, त्याच्या पाठीशी उभी राहा म्हणून. यंदाही तसंच होईल असं मी धरून चालले होते. यांना खुर्चीत घालून सहाणेशी नेलं. दीपक वाकला, तेवढ्यात यांनी डावा हात वर करून त्याला थांबवलं नि गुरवाला काहीतरी सांगू लागले. त्याला कळेना. यांनी परत सांगितलं. तरी कळेना. ढोल थांबले, सगळा गाव यांच्या तोंडाकडे बघतोय, नि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी दीपकलाच कळलं नि तो रडायला लागला. नाव दीपकचं घ्या, कायमचं घ्या, असं हे सांगत होते. खांद्यावरचा तांबडा रुमाल त्याला द्यायला गेले तर तो डाव्या हातातून खाली पडला. मी त्या दिवशी यांच्याशी बोलले नाही. आपल्या पोराचा मान मला न विचारता देऊन टाकला, याचा राग आला होता. पण भावेश, त्या दिवशी ते जेवले व्यवस्थित नि शांत झोपले. आजारपणानंतर पहिल्यांदा.

सुजय जेवायला आला होता. थंडीत तिकडे गिऱ्हाईक कमी असतं, मागेल त्याला रजा मिळते, असं तो सहज बोलून गेला, मग माझ्याकडे बघून खाली मान घालून भात कालवू लागला. मी त्याला आणखी भात वाढला. बाबा पडवीत होते, त्यांनी ऐकलं की नाही ते मी विचारलं नाही. तुला रजा मिळत नाही, असंच मी गावात सांगते नि पुढेही सांगेन. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मनात आलं, बाबांचं असं वाकडं झालेलं तोंड समोरून बघायचा तुला धीर होत नसेल. नाही होत तर नाही. मलाही रोज होतो असं नाही रे.

आता मुद्द्याचं लिहिते. शिमगा झाल्यावर फोन ठेवताना तू नेहमीसारखं म्हणालास, बाबा, पुढच्या वर्षी नक्की येतो. तुझ्या तोंडात ते बसलंय. यांच्या मनातून मात्र ते जात नाही. दुसऱ्याच दिवशी मी मागीलदारी मासे साफ करत होते, तेव्हा हे भिंत धरून एकटे उभे राहिले. तू आलास की सहाणेपर्यंत तुझ्याबरोबर चालत जायचं होतं त्यांना. पडले. कपाळाला टाके घालावे लागले. कॉलवर त्यांच्या डोक्यावर टोपी दिसली नि तू चेष्टा केलीस, ती मीच घातली होती, तुला दिसू नये म्हणून. तर एवढंच कर. यायचं झालं तर न सांगता ये, दार उघडंच आहे. पण येतो असं त्यांना म्हणू नकोस. आणि मी विचारेन, माझं तोंड काही माझ्या ताब्यात नसतं, कधी येतोस म्हणून फोनवर मी विचारेनच. तेव्हा मलाही म्हणू नकोस.

जपून राहा, थंडीत अनवाणी फिरू नकोस.

तुझीच,
आई