अप्पांचा भिडू

अप्पा, तुम्हाला जाऊन पंचवीसएक वर्षं झाली आणि मी आज तुमच्यावर चिडलोय. म्हणजे तुमच्यावर की पोरीवर, हे अजून नक्की ठरत नाही. काल ती सासरहून, गोत्रीहून, आली होती, तिच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन. जेवायला बसलो. चिरंजीवांनी विचारलं, ‘मम्मी, तू लहान होतीस तेव्हा तुझ्याशी कोण खेळायचं?’ मी पुरी मोडता मोडता थांबलो, कारण या उत्तरात माझं नाव यायला हवं होतं. स्कूटर माझी, सुट्टीचे रविवार माझे, कमाटी बागेतल्या छोट्या गाडीच्या रांगेत उन्हात तासतासभर उभा राहिलेला मी. आणि ही बया हसत हसत म्हणते, ‘माझे अप्पा! माझा पहिला भिडू.’ बस. पुढे बाबाचं नावसुद्धा नाही. तिची आई माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली. तिला माझा हा रोग जुनाच ठाऊक आहे. माझं वय बासष्ट आहे, अप्पा. या वयात लोकांना शुगर होते, लोकांचे गुडघे धरतात. मला मत्सर होतो, तोही पोटच्या पोरीचा, आणि तोही गेलेल्या बापावरून.

तुम्ही रिटायर होऊन आमच्या मांजलपूरच्या फ्लॅटवर राहायला आलात तेव्हा आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मी बायकोला आधीच बजावून ठेवलं होतं, ‘अप्पांचा स्वभाव कडक आहे, पोरीला जरा आवरून ठेव.’ दुसरं काय सांगणार? प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी ज्या अप्पांबरोबर वाढलो ते वर्कशॉपमधून यायचे, कोपरापर्यंत हात घासून धुवायचे आणि पेपरच्या मागे नाहीसे व्हायचे. मी काही विचारलं तर पेपरच्या मागून उत्तर यायचं, ‘आईला विचार.’ आणि हाच माणूस मांजलपुरात येऊन तिसऱ्या दिवशी गॅलरीत मांडी ठोकून सात वर्षांच्या पोरीबरोबर सागरगोटे खेळतोय! मी प्लांटमधून शिफ्ट संपवून दमून आलोय, दारातच हेल्मेट हातात धरून उभा आहे, आणि तुम्ही वर न बघता म्हणता, ‘थांब रे, माझा डाव चाललाय.’ तुम्हाला सागरगोटे येतात हेच मला चौतिसाव्या वर्षी कळलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अहो, किती छान ना!’ मी म्हणालो, ‘हो, फारच छान,’ आणि बूट जरा जोरात काढले.

मग भेंड्या सुरू झाल्या. दर रविवारी संध्याकाळी चहानंतर गाण्यांच्या भेंड्या, आणि भिडू वाटायची वेळ आली की तुम्ही बोट पुढे करायचात, ‘ही माझा भिडू.’ ठरलेलंच. मी आणि बायको एका बाजूला, तुम्ही आणि ती दुसऱ्या. एकदा मी सहज सुचवलं, म्हणजे सहज नव्हतंच ते, की आज बाप-लेक एका बाजूला होऊ या का? तुम्हाला वाटलं मी माझ्याबद्दल आणि पोरीबद्दल बोलतोय. ती ओरडली, ‘नाही हं, अप्पा माझे!’ आणि तुम्ही खूश होऊन तिला टाळी दिलीत. मला तुमच्या बाजूला यायचं होतं, अप्पा. ते मी तेव्हा उलगडून सांगितलं नाही, कारण चौतीस वर्षांच्या घोड्याने असं काही बोलायचं नसतं. तिने मनाने रचलेली गाणी तुम्ही ‘चालतंय, चालतंय, आहे असं गाणं’ म्हणून खपवायचात आणि माझा एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर ‘नियम म्हणजे नियम!’

त्यातच एका रविवारी बायकोने खालच्या मजल्यावरच्या भाभींना आमंत्रण दिलं, ‘आमच्याकडे भेंड्या आहेत, या ने.’ भाभी पक्क्या गुजराती. त्या आल्या त्या हातात झाकलेलं पातेलं घेऊन. म्हणाल्या, ‘ल्यो, तमे भेंड्या कह्युं ने, तो भरेला भींडा बनावी लावी.’ बिचारीला वाटलं की भेंडीच्या भाजीची पार्टी आहे, प्रत्येकीने आपापली करून आणायची. क्षणभर कुणाला काही समजेना आणि मग तुम्ही हसलात. असे हसलात की चष्मा काढावा लागला, तुमच्या आतल्या दाढा दिसल्या. मी तुमच्या दाढा आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या. भाभीही पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. तेव्हापासून घरात रिवाज पडला, भाभींनी पातेलं आणायचं आणि हरेल त्याने पातेल्यातला शेवटचा भींडा संपवायचा. तुमचा भिडू तुमच्याबरोबर, म्हणजे मीच हरायचो. भाभींच्या हाताला चव होती म्हणून निभावलं.

कमाटी बागेच्या शर्यतीचं तर मी आजही विसरलेलो नाही. एका स्कूटरवर चौघं बसत नव्हतो, म्हणून मी आणि बायको स्कूटरवर आणि तुम्ही दोघं रिक्षाने, बघू आधी कोण पोचतं, असं तुम्हीच काढलंत. निघायची वेळ मात्र तुम्ही ठरवायचात. ‘सकाळी नऊ वाजून दहाला निघू, आधी नाही,’ घड्याळ बघून. मला वाटायचं, म्हातारपणीची शिस्त. आम्ही रेल्वेच्या फाटकापाशी पोचावं आणि फाटक पडावं, दर वेळी! तुम्ही मात्र फाटकाच्या अलीकडे रिक्षा सोडायचात, पोरीचा हात धरून गाडी यायच्या आत चालत पलीकडे जायचात आणि तिथून दुसरी रिक्षा. मी स्कूटर बंद करून घामेजलेला उभा, पलीकडून ती दोन्ही हातांनी टाटा करतेय, तुम्हीही करताय, आणि मग मधून मालगाडी लागते, संपता संपत नाही. चार रविवार मी असा फसलो. पाचव्या रविवारी पोरीनेच फोडलं, ‘बाबा, तुला मालगाडीचा टायमिंग ठाऊक नाही? अप्पांनी मला सगळ्या गाड्यांचे शिकवलेत.’ अप्पा, मी रेल्वे क्वार्टरमध्ये अठरा वर्षं काढली. सगळ्या गाड्या तुम्हाला पाठ आहेत हे मला माहीत होतं. मला एकीची वेळ कधी सांगितली नाहीत. बायको म्हणाली, ‘अहो, पोरीवर जळताय काय?’ मी म्हणालो, ‘काहीतरीच काय!’ आणि त्या दिवशी कुल्फी खाल्ली नाही.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. तुम्ही येऊन दोन वर्षं झाली त्या वर्षी आपल्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला खेळ ठेवले होते. लिंबू-चमचा, पोत्यात उड्या मारायची शर्यत, आणि शेवटी तीन पायांची शर्यत, त्यात एक मोठा आणि एक मूल. तुम्ही उत्तरायणाच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या, पतंगांमध्येही लक्ष घातलं नाहीत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासूनच तयारीला लागलात. पाय बांधायला तुम्ही तुमच्या खाकी वर्दीच्या विजारीची पट्टी कापलीत. ती वर्दी आई गेल्यावरही ट्रंकेत घडी करून होती, तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तुम्ही बांधलेल्या पायाला नाव दिलंत ‘इंजिन’ आणि मोकळ्याला ‘डबा’. रोज सकाळी पार्किंगमधून तुमच्या दोघांचा आवाज वर यायचा, ‘इंजिन, डबा! इंजिन, डबा!’ वॉचमनसुद्धा ताल धरायचा. मी वर दाढी करत असायचो, आणि मला अगदी खरं सांगायचं तर तो आवाज सहन व्हायचा नाही.

कारण मी नऊ वर्षांचा असताना क्वार्टरच्या मैदानावर हीच शर्यत होती. बाप-लेकांची. तुम्हाला आठवत असायचं काही कारण नाही. मी आईची जुनी नाडी घेऊन सकाळपासून मैदानावर, ओळीत सगळ्यांच्या पुढे. तुम्ही शिफ्ट संपवून तारेच्या कुंपणापाशी आलात. मी नाडी उंच करून दाखवली. तुम्ही आत आला नाहीत. तिथूनच म्हणालात, ‘असले माकडचाळे करायला वेळ नाही माझ्याकडे. चल घरी.’ सगळ्यांच्या देखत. तुम्ही डबल ड्यूटी करून आला होतात, रात्रभर उभे होतात, हे मला पुढे आईने सांगितलं आणि मला ते पटलंही. मीही शिफ्टा केल्यात, पाय कसे होतात ते मला कळतं. पण कळलं म्हणून टोचायचं थांबत नाही, अप्पा. तुम्ही तिच्यासाठी वर्दी फाडलीत.

पंचवीस तारखेला संध्याकाळी मी तुमच्या खोलीत आलो. तुम्ही ती पट्टी पाण्यात भिजवून, वाळवून, मऊ करत बसला होतात. मी म्हणालो, ‘अप्पा, उद्या तुम्ही धावायचं नाही. कोपऱ्यावरचे डॉक्टर मला भेटले होते. म्हणाले, तुमच्या वडिलांचं प्रेशर वर-खाली होतंय, धावपळ अजिबात नको.’ तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी पुढे रेटून म्हणालो, ‘पोरीबरोबर मी धावेन.’ मला वाटलं तुम्ही आवाज चढवाल, ‘डॉक्टरला काय कळतंय’ म्हणाल, जाऊन विचाराल. तुम्ही पट्टी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, ‘बरं. बांधताना घोट्याच्या वर बांध, खाली बांधलीस तर सरकते.’ पोर रडली, पाय आपटले तिने, ‘मला बाबा नको, अप्पा हवेत!’ तिला तुम्हीच समजावलंत. मी मनातल्या मनात जिंकलो होतो.

सकाळी तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलात, भाभींच्या शेजारी. शिट्टी झाली. पोर ओरडली ‘इंजिन!’ आणि मी नेमका मोकळा पाय टाकला. पडलो. उठलो. पुन्हा ‘इंजिन!’ आणि पुन्हा माझा डबा पुढे. ती वैतागून म्हणते, ‘बाबा, तुला काही येत नाही!’ सगळी सोसायटी हसतेय. आम्ही शेवटचे आलो, शेवटचे म्हणजे बाकीचे सरबत प्यायला लागले तेव्हा. मी खाली मान घालून पट्टी सोडत होतो आणि फक्त एक माणूस टाळ्या वाजवत होता. तुम्ही उभे राहून वाजवत होतात. जवळ आलात, माझ्या विजारीला लागलेली माती झटकलीत, मी लहान असल्यासारखी, आणि म्हणालात, ‘पडलास तरी सोडलं नाहीस. बस झालं.’ मी पट्टी गुंडाळत राहिलो, मला पोरीचा राग आला होता. पुढच्या सव्वीस जानेवारीला तुम्ही नव्हतात. त्याच वर्षी पावसाळ्यात झोपेतच गेलात, कुणाला हाक न मारता.

तेराव्यानंतर डॉक्टर भेटायला आले. बसले, पाणी घेतलं, इकडचं तिकडचं झालं. निघता निघता म्हणाले, ‘काका बहु मजाना माणस हता. जानेवारीमां मने खास पूछवा आव्या हता, डॉक्टरसाहेब, शर्यतमां दोडाय के नहीं? में तपासीने कीधुं, दोडो ने काका, शुं वांधो छे?’ धावा की काका, काय हरकत आहे, असं डॉक्टरांनीच तुम्हाला तपासून सांगितलं होतं! मी विचारलं, कधी आले होते? ‘शर्यतना आगला दिवसे, सवारे.’ म्हणजे पंचवीसलाच सकाळी. मी संध्याकाळी तुमच्या खोलीत येऊन थापा मारत होतो तेव्हा खरं काय ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं. डॉक्टरांना मी दारापर्यंत पोचवायलाही गेलो नाही, बायकोला वाटलं मला भोवळ आली.

अप्पा, डॉक्टर मला भेटलेच नव्हते. तुमचं प्रेशर, तुमची तब्येत, असलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मला फक्त तुमच्या पोरासारख्या आनंदात तिची जागा काढून घ्यायची होती, आणि ते तुम्ही त्या खोलीत, माझ्याकडे बघता बघता, ओळखलंत. तुम्ही मला खोटारडा म्हणू शकत होतात. त्याऐवजी घोट्याच्या वर बांध म्हणालात. ते वाद नको म्हणून, की सून ऐकेल म्हणून, की माझ्यासाठी, हे विचारायला आता कुणी नाही. मी ते माझ्यासाठी होतं असंच धरून चाललोय. त्या एका संध्याकाळी तुम्ही तिला सोडून माझ्या बाजूला आलात.

काल ती ‘माझा पहिला भिडू’ म्हणाली तेव्हा हे सगळं ताटावरच सांगून टाकावं असं तोंडापर्यंत आलं होतं. तिला सांगायला हवंच, तिची शर्यत मी हिरावली होती, माफी तिची मागायला हवी. हा कागद तिला द्यावा असंही मनात होतं. पण देणार नाही. पंचवीस वर्षं बायकोलाही सांगितलं नाही. पोरीकडे तुमचे सागरगोटे आहेत, मालगाड्यांच्या वेळा आहेत, सगळे रविवार आहेत. माझ्याकडे तुमचं एवढंच आहे, आणि ते मला तिच्याबरोबर वाटून घ्यायचं नाही.