कानशीच्या तीन रेघा

३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोनवर आपण भांडतो आणि पत्रात शहाण्यासारखे वागतो, हा आईचा शोध खराच आहे, म्हणून ही बातमी पत्राने. बाबांच्या गाडीचं डोलणं मी थांबवलं. वळणावर ती एका कुशीवर कलायची आणि आई मागे दाराची मूठ घट्ट धरून बसायची, ते आता बंद.

तू बाबांचं शॉकअप दुरुस्तीचं वर्कशॉप चालवणारी, मी बँकेतला कारकून, हसशील तू. पण आधी मी टायरची हवा नीट केली, फुकटात. मग खालचे झिजलेले रबरी बुश बदलले, तेही स्वस्तात. राहिले धक्के झेलणारे मागचे दोन शॉकअप. नव्यांची किंमत ऐकून मी दुकानातच पाणी मागितलं. शेवटी आमच्या शिपायाने हमरस्त्याच्या फाट्यावरचा भंगारवाला दाखवला. त्याच्याकडे धुऊन, काळा रंग मारून ठेवलेले जुने शॉकअप ढिगाने होते. कुठला घ्यावा कळेना. आणि ताई, एका जोडीच्या खालच्या कड्यावर, रंगाखाली, बोटाला तीन तिरक्या रेघा लागल्या. कानशीच्या. वर्कशॉपात बाबांना जेवायला बोलवायला जायचो तेव्हा त्यांना मारताना पाहिल्या होत्या, अगदी तशाच. अंगावर काटा आला. बाबांनी पास केलेला माल, ते गेल्यावर चार वर्षांनी माझ्या हाती यावा. मी घासाघीससुद्धा केली नाही.

बसवून मागचा कोपरा दाबून पाहिला. चांगला शॉकअप एकदाच उसळतो असं बाबा म्हणायचे, तसा एकदा वर आला आणि गप्प बसला. शनिवारी, सात तारखेला पहाटे, चिमणीला कॉलेजच्या वसतिगृहावर सोडायला निघतोय, डोंगरातल्या रस्त्याने. लेक पहिल्यांदा घर सोडतेय म्हणून मी हळवा झालोय. आईही येतेय, नातीची खोली बघायला.

लोभ आहेच, तो या शॉकअपइतका टिकाऊ असावा.

तुझा
धाकटा

७ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज दहा वाजता हाती आलं. पाच वेळा फोन केला. नुसता वाजतोय. तुम्ही डोंगरात असाल.

अरे, तीन रेघा म्हणजे पास नव्हे, बाद. गाडीला लावायचा नाही असा माल. बाबा पास केलेल्या मालावर कधी खूणच करत नसत. तेलाच्या वासाने नाक धरून दारातूनच पळायचास, तुला कोण सांगणार. तो भंगारवाला आत दाट तेल भरतो, थंड असेपर्यंत ते झोकात चालतं. चढ-उतारावर तापलं की पातळ होतं आणि फाटक्या सीलमधून बाहेर. मग मागची चाकं रस्ता सोडायला लागतात. माझी आई, माझा भाऊ आणि आमची चिमणी, तिघंही त्या गाडीत.

वसतिगृहावर फोन करून निरोप ठेवलाय, की पोहोचलात तर गाडीला हात लावू नका. हे पत्र तुला कधी मिळणार हे कळतंय मला, पण लिहिल्याशिवाय बसवत नाही.

तुझी
ताई

८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

आम्ही जिवंत आहोत, हे आधी.

उताराच्या चौथ्या वळणावर गाडी मागून उड्या मारायला लागली. ब्रेक दाबला तसं बूड बाहेर फेकलं गेलं आणि आम्ही कडेच्या दगडाला घासून थांबलो. दगडापलीकडे काही नव्हतं. धीर द्यायला म्हणून मी आईला म्हटलं, की घाबरू नकोस, या शॉकअपवर बाबांच्या तीन रेघा आहेत. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने चिमणीचा दंड धरून तिला खाली उतरवलं, बॅगा काढल्या आणि म्हणाली, “या गाडीत आता माझ्या घरातलं कुणी बसणार नाही.”

पुढे आम्ही एसटीने गेलो. गाडी खालच्या गावातल्या मेकॅनिककडे आहे. त्याने माझ्यासमोर शॉकअप काढून त्याचा रॉड एका बोटाने आत दाबला, तो आतच राहिला. चिमणी खोलीत पोहोचली, तुझा निरोप मिळाला.

आई मला रागावली नाही. रागावली असती तर बरं होतं. तुला स्वतः लिहिणार म्हणते.

मूर्ख असलो तरी तुझाच
धाकटा

९ जून

चि. थोरलीस आशीर्वाद.

तुझे बाबा रेघा मारून थांबत नसत. करवत घेऊन बाद शॉकअपचा रॉड कापत, मगच हात धुऊन जेवायला येत. ताट वाढून मी तो आवाज थांबायची वाट बघत बसायची, रोज. त्यांनी बाद केलेला एकही जोड अखंड भंगारात गेला नाही. म्हणजे या रेघा त्यांच्या नव्हेत.

ही खूण त्यांच्यानंतर एकाच हाताला येते. धाकट्याला मी काही बोललेली नाही. तू सांग.

आई

१७ जून

ती. आईस शि. सा. न. वि. वि. हेच पत्र धाकट्यालाही वाचून दाखव.

माझ्याच रेघा. पत्र हाती आलं तेव्हाच कळलं होतं, आणि त्या दिवशी लिहिलेल्या पत्रात मी ते लपवलं. एक रॉड कापायला पाव तास जातो. हिवाळ्यात गिऱ्हाइकांची रांग लागली, तेव्हा बाद जोड न कापताच भंगारात दिले, वाटलं रेघा पुरेत, धंद्यातल्या माणसाला कळतात. धंद्याबाहेरची माणसंही गाडी चालवतात, हे डोक्यातच आलं नाही. आणि त्यातला एक माझाच भाऊ.

राहिलेले सगळे जोड कापले. मग वर्कशॉपला कुलूप लावून भंगारवाल्याच्या या फाट्यावर आले. त्याने माझे सहा जोड विकले होते. धाकट्याचा धरून पाच सापडले, काढून घेतले. सहावा राखाडी गाडीला बसवलाय. माणसाचं नाव त्याला माहीत नाही. बाईच्या मांडीवर तान्हं बाळ होतं, एवढंच आठवतं म्हणतो.

आज चौथा दिवस. इथे गतिरोधक आहे, त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलेय. राखाडी गाडी एकदा उसळून बसली तर जाऊ देते. दोनदा उसळली की आडवी जाऊन थांबवते. लोक वेडी समजतात, समजू देत.

लोभ मागायला तोंड नाही. रागच ठेवा, पण ठेवा.

तुझी
थोरली