काफिला कशाला म्हणतात

प्रिय धाकट्या,

तुझा निरोप मिळाला. नव्या लाँचच्या उद्घाटनाला तुला भाषण हवंय, आणि त्यात तुझ्या चार लाँचना 'आरमार' म्हणावं की 'काफिला', हे मी ठरवायचं. ताई इतकी वर्षं बंदराच्या वायरलेसवर बसते, तिला शब्द कळतात, असं तू म्हणतोस. कळतात खरे. थोडे तुलाही कळले असते तर बरं झालं असतं.

आरमाराला तोफा लागतात. तुझ्याकडे आहेत प्रवासी लाँच. त्यातली एक फुटून दुरुस्तीला पडलीय आणि एकीचा भोंगा वाजत नाही. शत्रू म्हणशील तर शेजारच्या धक्क्यावरचा तिकीटवाला, ज्याच्याशी तू बाकाच्या जागेवरून भांडतोस. लहानपणी बादलीत कागदी होड्या सोडून असाच सेनापती व्हायचास. होडी भिजली की रडायचास आणि मी नवी करून द्यायचे. तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, म्हणून ते शोभायचं.

ताफा म्हण हवं तर. एका मालकाच्या बोटी म्हणजे ताफा, मग त्या कुठेही का असेनात. त्यात कुणी कुणाची पर्वा करायची गरज नसते, त्यामुळे तो शब्द तुला अगदी मापाचा बसेल. पण तुझी बायको फोनवर म्हणाली की तो फलकावर मिळमिळीत दिसतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय म्हणणार?

आणि काफिला? चार बोटी एका वेळी निघाल्या म्हणून काफिला होत नाही. सगळ्यात हळू बोट पुढे ठेवायची आणि बाकीच्यांनी तिच्या चालीने जायचं, ही बाबांची रीत. घरीही तेच. सगळ्यात हळू जेवायचास तू, आणि तुझं ताट संपेपर्यंत बाबा पंगतीतून कुणालाही उठू द्यायचे नाहीत. माझी शाळा बुडायची, पण तुझा भात संपायचा नाही.

गेल्या महिन्यात नवी लाँच आणलीस आणि चारही लाँच पलीकडच्या धक्क्याला ओळीने लावून फोटो काढायचं ठरवलंस. बाबा चालवतात ती जुनी लाँच पुढे बरी दिसत नाही म्हणून तिला, बाबांसकट, शेवटी घातलंस. तिच्यावरचा वायरलेस आधीच काढून नव्या लाँचवर बसवला होतास. धुकं दाट होतं, पण फोटोवाले खोळंबले होते, म्हणून तू वेग वाढवलास. मी वायरलेसवर विचारलं, सगळे पोचले का. तू ऐटीत सांगितलंस, आरमार सुखरूप पोचलं. वाट मोकळी आहे असं समजून मी मालवाहू जहाजाला आत यायची परवानगी दिली. बाबा त्या वेळी वाटेतच बंद पडलेलं इंजिन खोलून बसले होते. जहाजाच्या लाटेने लाँच दगडी बांधावर आदळली आणि त्यांचा पाय मोडला. तू मागे वळून एकदा मोजलंही नव्हतंस. मला तुझी लाज वाटते, हे कुठेतरी लिहायला हवंच होतं.

तर भाषण मी लिहिणार नाही. पत्र लिहितेय ते दुसऱ्याच कारणासाठी. काल चौकशी अधिकारी दवाखान्यात आले होते. बाबांनी त्यांना सांगितलं की वय झालं, मीच वाट चुकून मागे राहिलो, पोराचा काही दोष नाही. अशाने त्यांचं लायसन्स जाईल, आणि सुकाणू हातातून गेलं तर हा माणूस खुर्चीत बसून खंगेल. सोमवारी माझी साक्ष आहे. तू काय म्हणालास ते मी तिथे सांगणार आहे. त्याआधी तू स्वतः जाऊन खरं सांगावंस, म्हणून आज कळवतेय. तुझी कीव येते म्हणून नाही. ऑपरेशननंतर बाबा शुद्धीवर आले तेव्हा मी उशाशी होते. पायाचं त्यांनी विचारलंच नाही. धाकट्याच्या लाँच नीट पोचल्या ना, एवढंच विचारलं. पंगतीत बसायचे तसे ते अजून तुझ्यासाठी बसून आहेत. या खेपेला मी मात्र उठणार आहे.

अजून तरी तुझीच,
ताई